हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

‘तुम्हाला काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका.’

दवाखान्यात हे वाक्य एकदाही ऐकलेलं नाही अशी बाई शोधायला निघालात, तर हात हलवत परत याल. कंबर दुखते म्हणून गेलेली, जिना चढताना धाप लागते म्हणून गेलेली, पाळीच्या वेळी अंगावरून फार जातं म्हणून गेलेली, रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून गेलेली, प्रत्येकीला हा प्रसाद मिळालेला असतो. नवरा बरोबर असेल तर त्याच्याकडे बघून ‘यांना जरा चार दिवस कुठे फिरायला न्या’ असा सल्लाही मिळतो. बाई बाहेर येते, चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणते, ‘काही नाही म्हणाले डॉक्टर.’ मग सहा महिन्यांनी कुणाचं हिमोग्लोबिन सहावर आलेलं असतं, कुणाला थायरॉइड निघतो.

हे वाक्य डॉक्टर शिकतात कुठे, असा प्रश्न मला नेहमी पडतो. पुस्तकात तर ते नाही. मेडिसिनचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की पेशंटला त्याच्या शब्दांत सगळं सांगू द्या, मध्ये तोडू नका, तक्रारीची हकीकत नीट घ्या. परीक्षेत त्याचे मार्क असतात. आणि तरी अमेरिकेत १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटींतलं बोलणं तपासलं, तेव्हा पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला त्याला तोडतो असं आढळलं. आपल्याकडे तर मुळात वेळच कमी. २०१७ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये बऱ्याच देशांची आकडेवारी एकत्र करून छापली होती. स्वीडनमध्ये डॉक्टर पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटं देतात, भारतात जेमतेम दोन. (बांगलादेशात ४८ सेकंद, एवढंच आपलं समाधान.) दोन मिनिटांत माणूस काय सांगणार आणि काय ऐकणार, हे मान्य. पण मला त्या दोन मिनिटांतल्या नजरेबद्दल, आवाजाबद्दल बोलायचं आहे. तीही कुणीतरी शिकवलेलीच असते.

आपल्या बायकांना हे समजायला मुळीच अवघड नाही. घरात सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायचं, हे तुम्हाला कुणी वही-पेन घेऊन शिकवलं होतं का? भाकरीचा गरम पापुद्रा भावाच्या ताटात आणि तव्यावर करपलेली आपल्या ताटात, हा नियम कुठल्या भिंतीवर लिहिला होता? आई तोंडाने सांगत होती, ‘मला मुलगा-मुलगी सारखेच.’ आणि आपण तिच्या हातांकडे बघून शिकत होतो. अभ्यासकांनी याला नाव दिलंय ‘हिडन करिक्युलम’, छुपा अभ्यासक्रम. अमेरिकेतल्या फिलिप जॅक्सन यांनी १९६८ साली शाळेच्या वर्गांविषयी लिहिताना हा शब्द वापरला आणि पुढे १९९४ मध्ये फ्रेडरिक हॅफर्टी आणि रोनाल्ड फ्रँक्स यांनी तो वैद्यकीय शिक्षणाला लावून दाखवला. हॅफर्टींनी नंतर त्यात आणखी एक फरक केला. वर्गात शिकवतात तो एक अभ्यासक्रम. सीनियरच्या मागे फिरताना, कँटीनमध्ये चहा पिताना, रात्रपाळीला अंगवळणी पडतो तो दुसरा, अनौपचारिक. आणि तिसरा म्हणजे व्यवस्थाच जो शिकवते तो: कोण बसतं, कोण उभं राहतं, कुणासाठी पडदा ओढला जातो, कुणाला नावाने हाक मारतात आणि कुणाला कॉट नंबरने.

माझी भाची गेल्या वर्षी इंटर्नशिप करत होती. कुठे ते सांगत नाही, त्याने फरकही पडत नाही. पोरगी शाळेपासून मायाळू, मांजराचं पिल्लू भिजलं तरी घरात आणणारी. लेबर रूमची ड्यूटी सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. रडत होती. ‘मावशी, इथे बायकांवर किती ओरडतात गं! कळा देताना ती बाई किंचाळली तर म्हणतात, तेव्हा नाही ओरडलीस ती? मांडीवर चापट मारतात. आणि मारणारी बाईच असते.’ मी तिला काय सांगणार? पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा बोलणं झालं तेव्हा आवाज शांत होता. म्हणाली, ‘एका रात्रीत अकरा डिलिव्हऱ्या झाल्या. बाराव्या बाईवर मीच ओरडले. तेच वाक्य. माझ्या तोंडून कसं आलं मलाच कळलं नाही. आणि सिस्टर म्हणाल्या, आता झालीस तू डॉक्टर.’

हा शेवटचा भाग मला फार दिवस टोचत राहिला. वर्गात पाठ थोपटून घ्यायला तिला चार वर्षं लागली असतील. इथे एका रात्रीत मिळाली, आणि कशाबद्दल मिळाली बघा.

तिथे भिंतीवर बोर्ड नव्हता असं नाही. बाळंतिणीला सन्मानाने वागवण्याबद्दलचं मोठं पोस्टर होतं, असं तीच सांगत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली प्रसूतीच्या वेळी होणाऱ्या अपमानाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. आपल्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिच्या घरची एक बाई थांबू द्यायची असं ठरवलं. २०१७ च्या अखेरीला ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला, त्यातही सन्मानपूर्वक प्रसूती हा मुद्दा आहेच. कागदावर सगळं आहे. पण पोरगी पोस्टर वाचून शिकत नव्हती. ती अकरा तास उभ्या असलेल्या सिस्टरकडे बघून शिकत होती, आणि त्या सिस्टरही कधीतरी अशाच कुणाकडे तरी बघून शिकल्या असणार. त्यांना राक्षस ठरवून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. एका वेळी एक सिस्टर, दोन टेबलं आणि बाहेर सहा बायका कळा देताहेत, ही व्यवस्थाही शिकवतच असते. ती शिकवते की माया ही चैन आहे.

२००९ साली अमेरिकेतल्या जेफरसन मेडिकल कॉलेजमधला एक अभ्यास छापून आला होता. विद्यार्थ्यांच्या मनातली दुसऱ्याविषयीची कणव वर्षावर्षाला मोजत गेले, तर पहिली दोन वर्षं ती टिकून होती आणि तिसऱ्या वर्षी घसरली. तिथे तिसरं वर्ष म्हणजे मुलं पुस्तकं मिटून वॉर्डात जातात ते वर्ष. म्हणजे पेशंट समोर आला आणि कणव कमी झाली! हे कॉलेज फिलाडेल्फियाचं. आपली आनंदीबाई जोशी १८८६ साली त्याच शहरातून डॉक्टर झाली. जाण्याआधी १८८३ मध्ये श्रीरामपूरला (बंगालमधल्या) तिने भाषण करून सांगितलं होतं की इथल्या बायका पुरुष डॉक्टरांपुढे मोकळेपणाने बोलू शकत नाहीत, म्हणून मला डॉक्टर व्हायचंय. तिच्यानंतर एवढ्या बायका डॉक्टर झाल्या. आज मेडिकलच्या वर्गात मुलींचे घोळके असतात. तरी बाईला मोकळेपणाने बोलता येत नाही ते नाहीच. डॉक्टर बाई असणं पुरत नाही असाच याचा अर्थ. तिला शिकवणारी जागा कशी आहे, हे बघावं लागतं.

आता कुणी म्हणेल, हे मोठ्या हॉस्पिटलचं झालं, फॅमिली डॉक्टरचा इथे काय संबंध? गोम तिथेच आहे. आपला गल्लीतला, नाक्यावरचा डॉक्टर शिकतो मोठ्या हॉस्पिटलातच. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, एवढ्या काळात तोच पेशंट दुसऱ्यांदा समोर आलाय, असं किती वेळा होत असेल? तिथे माणूस येतो तोच आजार पिकल्यावर. पोटात पाणी झालेलं, गाठ हाताला लागणारी, एक्स-रेवर ठळक दिसणारा. फॅमिली डॉक्टरकडे मात्र आजार येतो तेव्हा त्याला धड नावही नसतं. ‘बरं वाटत नाही’ एवढंच. शिकवणारे सगळे स्पेशालिस्ट. त्यांच्या तोंडून विद्यार्थी ऐकतो, ‘हा पेशंट कुठल्यातरी जीपीने बिघडवून पाठवलाय.’ दहा वेळा ऐकलं की त्याला कळतं, आपण जे होणार आहोत ते हरलेल्यांचं काम आहे. मग इंटर्नशिपमध्ये पेशंटपेक्षा पीजीच्या परीक्षेचे प्रश्न महत्त्वाचे होतात. माझी भाचीही पीएचसीला असताना खिशात प्रश्नांची वही घेऊन बसायची. जो पुढे फॅमिली डॉक्टर होतो, त्यातल्या बऱ्याच जणांना पीजीला नंबर लागला नाही म्हणून व्हावं लागतं. मनाविरुद्ध दिलेल्या घरात पोरगी कशी नांदते, ते आपण पाहतोच.

मग हा धंदा डॉक्टर शिकतो कुठे? दुसऱ्याच्या दवाखान्यात बसून. माझे सासरे, आमचे अण्णा, तालुक्याच्या गावी डॉक्टर होते. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत आणि माझं स्वयंपाकघर मागे, मध्ये एक दार, ते कधी धड लागायचं नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक तरुण डॉक्टर संध्याकाळचा बसायला यायचा. दीड-दोन वर्षं आला. कुणी त्याला प्रमाणपत्र दिलं नाही, त्याने मागितलंही नाही. पोळ्या लाटता लाटता त्याचं शिक्षण मी ऐकलेलं आहे.

एक बाई पोराचा खोकला घेऊन महिन्यात तिसऱ्यांदा आली. पोरगं बाकावरून उड्या मारतंय. याने छाती तपासली, घसा पाहिला, आता रक्त तपासू म्हणाला. ती गेल्यावर अण्णा म्हणाले, ‘अरे, पोराला काय बघतोस? आईला बघ. पोराचा खोकला तिला दवाखान्यात यायला निमित्त आहे. स्वतःसाठी यायचं म्हटलं तर सासू दहा रुपये देत नाही तिला.’ पुढच्या खेपेला त्याने तिला विचारलं. मग कळलं, चार महिन्यांपासून तिला पांढरं जात होतं, ताप यायचा. आणखी एक त्यांचं नेहमीचं, ‘खुर्चीवर बसून सांगतात ते ऐक. पण उठून दारापर्यंत गेल्यावर, हां डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं, असं म्हणून सांगतात ते जास्त नीट ऐक.’ नवरा बायकोच्या वतीने बोलायला लागला की अण्णा त्याला म्हणायचे, ‘तुम्ही तोवर बाहेर कंपाउंडरकडून पुड्या घ्या,’ आणि कंपाउंडरकाकांना ते बरोबर कळायचं. पुड्या बांधायला ते दहा मिनिटं लावायचे. खरं म्हणजे कंपाउंडरकाका हेही एक विद्यापीठच होतं. कुणाला वाचता येत नाही, त्या पुडीवर एक रेघ सकाळची, दोन रेघा रात्रीच्या. कोण लाजेने उधारी मागत नाही म्हणून औषधाविना परत जाईल, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. तो तरुण डॉक्टर हे सगळं उचलत गेला. आज त्याची चांगली प्रॅक्टिस आहे आणि त्याच्या बायका-पेशंट त्याला सोडत नाहीत.

पण त्याच दवाखान्यात तो आणखीही काही शिकला, ते सांगितलं नाही तर हे सगळं गोड-गोड होईल. अण्णा देवमाणूस होते असं गाव अजून म्हणतं, मीही म्हणते. मात्र बाईच्या आजाराचं नाव ते आधी तिच्या नवऱ्याला सांगायचे, तिला नाही. गर्भाशय काढायचं की नाही हे बाहेर ओट्यावर ठरायचं, ती आत बाकावर. आणि डोळा काळानिळा करून आलेल्या बाईला ‘जिन्यावरून पडलात ना?’ असा प्रश्न ते स्वतःच उत्तरासकट विचारायचे. ती मान हलवायची. मलम मिळायचं. ‘घरातलं प्रकरण, आपण पडू नये,’ हे वाक्यही त्या तरुण मुलाने ऐकलं. तेही त्याने उचललं असणार, कारण चांगलं तेवढं उचलायचं आणि वाईट ठेवून द्यायचं अशी चाळणी त्याच्या हातात कुणी दिलीच नव्हती. बघून शिकण्यात हा मोठा धोका आहे. गुरूचा हात जसा उतरतो, तसं गुरूचं झाकलेलं तोंडही उतरतं.

चाळणी देता येते. मुंबईत महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० साली ‘सेहत’ संस्थेने महापालिकेबरोबर ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जायच्या आधी दवाखान्यात येते हे ओळखून तिथल्या डॉक्टर-नर्सना शिकवलं की जखमेबरोबर प्रश्नही विचारायचा, आणि कसा विचारायचा. नंतर ते इतरही हॉस्पिटलांत गेलं. याच संस्थेने पुढे महाराष्ट्रातल्या मेडिकल कॉलेजांमधल्या प्राध्यापकांबरोबर बसून एमबीबीएसच्या शिकवण्यात बाईचा विचार कसा आणायचा यावरही काम केलं. विद्यार्थ्यांच्या आधी प्राध्यापकांना शिकवायचं, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

आपल्या राज्यात या सगळ्याला आणखी एक पदर आहे, त्याबद्दल उघड बोललं जात नाही. तुमचा-आमचा फॅमिली डॉक्टर पुष्कळदा एमबीबीएस नसतोच. तो आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. त्यात कमीपणा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, आडगावात रात्री दोन वाजता दार उघडतो तो बहुधा तोच. पण अँटिबायोटिक, सलाइन, टाके हे तो शिकतो कुठे? बऱ्याचदा खासगी नर्सिंग होममध्ये आरएमओ म्हणून रात्रपाळ्या करून. पगार तुटपुंजा, शिकवणारा सीनियर घरी झोपलेला, चुका झाकायच्या आणि सकाळी राउंडला ‘येस सर’ म्हणायचं. सरकारने २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केला तर आधुनिक औषधं देण्याची वाट काढली. त्यावरून दोन्हीकडच्या संघटना भांडत आहेत. कुणी काय लिहून द्यावं यावर भांडण. रात्रपाळीत या मुलांना पेशंटशी वागायला कोण शिकवतं, याबद्दल कुणाचंच भांडण नाही.

छापील अभ्यासक्रम बदलतच नाही, असं मी म्हणणार नाही. तो बदलतोय आणि बायकांनी, डॉक्टरांनी आवाज उठवल्यावर बदलतोय. २०१९ साली नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने मुलींच्या ‘कौमार्य चाचणी’चा धडा काढून टाकला. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने बलात्कार झालेल्या मुलीची ‘दोन बोटांची चाचणी’ करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं सांगितलं आणि ती अभ्यासातूनही काढायला सांगितली. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये काय व्हावं? राष्ट्रीय आयोगाच्या सुधारित न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात कौमार्य आणि बायकांमधल्या समलिंगी संबंधांना ‘अनैसर्गिक गुन्हा’ म्हणणारा भाग पुन्हा हजर! ओरड झाली, सप्टेंबरमध्ये मागे घेतला. धडा कागदावरून काढला तरी तो कुणाच्या तरी डोक्यात होताच, म्हणून तर तो परत कागदावर आला.

चांगलंही आलंय. २०१९ च्या तुकडीपासून ‘ॲटकॉम’ नावाने वृत्ती, नैतिकता आणि संवाद हे एमबीबीएसच्या मुलांना शिकवायला लागले. २०२१-२२ च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहायचं आहे. सेवाग्रामच्या कॉलेजला हे नवीन नाही. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी ते सुरू केल्यापासून तिथली मुलं पहिल्याच वर्षी पंधरा दिवस एका खेड्यात राहतात आणि ते गाव त्यांच्या तुकडीचं होतं. चुलीच्या धुराने बाईचे डोळे कसे होतात, हे तिच्या घरात बसून बघितलेलं पोर तिला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणायच्या आधी जरा थांबेल, अशी मला आशा आहे. बाकी कॉलेजांत ही दत्तक कुटुंबं कागदावरच राहतात की काय, ते त्या घरातल्या बायकांनाच विचारायला हवं. ‘ॲटकॉम’बद्दल भाची म्हणाली, ‘मावशी, लेक्चरमध्ये रोल-प्ले करायचो. पेशंटला नमस्कार करा, नाव विचारा. मग वॉर्डात गेलो की सर म्हणायचे, चला, सात नंबरचं पोट बघा.’

इंग्लंडात याचा विचार जरा आधी झाला. मायकेल बॅलिंट नावाच्या मनोविश्लेषकाने १९५० च्या सुमाराला लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांना दर आठवड्याला एकत्र बसवायला सुरुवात केली. त्याची बायको एनिडही त्यात होती, तिचं नाव मागे पडतं म्हणून मुद्दाम सांगते. डॉक्टरांनी आपापला एखादा अवघड पेशंट सांगायचा. औषध कुठलं दिलं याची चर्चा नाही. तो पेशंट आल्यावर मला राग का आला, कंटाळा का आला, मी त्याला घाईने का घालवला, यावर बोलायचं. डॉक्टर स्वतःच एक औषध आहे, त्याचाही गुण येतो आणि त्याचाही अपाय होतो, असं बॅलिंटचं म्हणणं. १९५७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे फॅमिली डॉक्टर व्हायला तीन वर्षांचं वेगळं प्रशिक्षण सक्तीचं झालं आणि त्यातला काही काळ एखाद्या मुरलेल्या डॉक्टरच्या दवाखान्यात काढावा लागतो. पेशंटची परवानगी घेऊन तपासणीचं रेकॉर्डिंग करतात आणि मग गुरू-शिष्य ते बघत बसतात. ‘इथे ती बाई काहीतरी सांगायला गेली आणि तू कॉम्प्युटरकडे बघितलंस.’ मला हे फार आवडलं. अण्णांनी स्वतःला ‘जिन्यावरून पडलात ना?’ म्हणताना एकदा बघितलं असतं तर! आपल्याकडेही फॅमिली मेडिसिनचं पदव्युत्तर शिक्षण आहे, डीएनबी आहे, पण त्या वाटेने जाणारे थोडे, आणि बहुतेक मेडिकल कॉलेजांत या विषयाचा विभागच नाही.

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. इंटर्नशिपच्या वर्षात एक महिना फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात काढावा. कुठल्याही नाही, निवडलेल्या. आणि महिन्यातून चार वेळा या मुलांनी एकत्र बसून काय बघितलं ते बोलावं. कुणीतरी शहाणं माणूस तिथे हवं, मार्क नकोत. मार्क आले की मुलं तिथेही नमस्काराचा रोल-प्ले करतील.

डॉक्टर मंडळी म्हणतील, दहा बाय दहाची खोली, त्यात मी, पेशंट, त्याचे दोन नातेवाईक, आता हा इंटर्न कुठे बसवू? रास्त आहे. आणि तुमच्या पेशंटनाच चालत नाही, असंही म्हणतील. इथे आपल्याकडे बघायला हवं, कारण नवीन डॉक्टरला आपणही शिकवत असतो. ताप तीन दिवसांत आपोआप उतरेल, सुई नको, असं सांगणाऱ्याला आपण काय शिकवतो? समोरच्याकडे जातो. ‘त्यांच्या हाताला गुण आहे, एका सुईत उभं केलं.’ तीन महिन्यांत नवा डॉक्टर सुई शिकतो. आत एखादी बाई पंधरा मिनिटं बोलत बसली की बाहेर बाकावरच्या आपणच घड्याळ बघतो, ‘काय गप्पा मारतात का आत?’ म्हणतो. आणि आत गेल्यावर आपल्यालाही पंधरा मिनिटं हवी असतात. औषध कंपनीचा माणूस बॅग घेऊन रांग मोडून आत जातो तेव्हा मात्र कुणी काही बोलत नाही. हा धडाही तो शिकाऊ मुलगा कोपऱ्यात बसून गिरवत असतो.

इंटर्न बसलेला बायकांना चालत नाही, हे मात्र मला पटत नाही. चालत नाही ते न विचारता बसवलेलं. सरकारी दवाखान्यात आठ-दहा मुलं एका बाईच्या भोवती कोंडाळं करतात, पडदा अर्धा उघडा, कुणी तिच्याशी एक शब्द बोलत नाही, आणि तिच्या अंगावर शिकून सगळे पुढच्या कॉटकडे जातात. तिथेच पहिला धडा मिळतो की गरीब बाईला विचारायचं नसतं. प्रायव्हेटमध्ये हेच लोक किती अदबीने विचारतात! तेव्हा दवाखान्यात कुणी कोरा कोट घालून कोपऱ्यात उभं दिसलं, तर आपणच विचारायचं, ‘या कोण? शिकायला आल्यात का?’ नाव विचारायचं. नको असेल तर नको म्हणायचं, त्याने औषध कमी मिळत नाही. आणि चालणार असेल तर तिला बसायला सांगायचं, तिच्याकडेही बघून बोलायचं, जे डॉक्टरांना सांगतो ते तिलाही. माझी एक मैत्रीण तर एकदा सरळ म्हणाली, ‘डॉक्टर, तुम्ही मला मध्येच तोडलंत. पहिल्यापासून सांगते, आणि ही पोरगीही ऐकू दे.’ डॉक्टर हसले म्हणे. पोरीने वही मिटली आणि खुर्ची पुढे ओढली.